टॅबला ताप

चोपड्याच्या एसटीत परवा माझ्या आठ इंची टॅबला पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या गेल्या. ठेवणारे आजोबा शेजारच्या सीटवरचे, उपरणं त्यांचं, पाणी माझ्या बाटलीतलं.

मे महिना, पारा पंचेचाळिशीला, खिडकीतून ऊन थेट पडद्यावर. टॅबच्या पुस्तिकेत वापरासाठी ० ते ३५ अंश लिहिलंय, म्हणजे लिहिणाऱ्याने भुसावळ पाहिलेलं नाही. पडदा आपोआप मंदावला आणि मग ‘उपकरण गरम झाले आहे’ अशी पाटी आली. आजोबांनी मागून हात लावून पाहिला.

“याले ते ताप चढना भो!”

“आजोबा, तसं नाही, आतला प्रोसेसर...”

“इतला ऊनमा जाड सदरा घाली ठेवेल शे त्याले!”

आता हे मात्र शंभर टक्के खरं होतं. जाड सिलिकॉनचं कव्हर पडण्यापासून वाचवतं, पण उष्णता कोंडून ठेवतं. टॅब तापला की आधी कव्हर काढायचं, चार्जर लावलेला असेल तर तो काढायचा, टॅब बंद करून सावलीत ठेवायचा. बस्स. मी कव्हर काढलं आणि तिथंच फसलो, कारण निदान बरोबर आल्यावर वैद्य थांबत नसतो. त्यांनी उपरणं भिजवलं, पिळलं (पुरतं नाही), चौपदरी घडी केली आणि पडद्यावर ठेवली.

हा पडदा बोटातून जाणारी सूक्ष्म वीज ओळखून चालतो, आणि पाणी त्याला बोटासारखंच वाटतं. त्यामुळे पट्टीखाली टॅब स्वतःच कामाला लागला. कॅमेरा उघडला, आवाज वाढला, कुठलीशी जाहिरात ओरडायला लागली.

“देख, तापमा बडबडी ऱ्हायना!” आजोबांनी पट्टी उलटवली.

मागच्या सीटवरून फ्रिजचा सल्ला आला. तापलेली वस्तू एकदम थंड केली आणि मग दमट हवेत काढली, तर दव धरतं. बाहेरचं पुसता येतं, आत धरलेलं नाही. पण ऐकणार कोण? बसमध्ये एव्हाना माझा टॅब सगळ्यांचा झाला होता.

पट्टी निघाली तेव्हा दोन लांब ओरखडे दिसले. टेम्पर्ड ग्लासवर ९एच छापलेलं असतं, त्यामुळे लोक तिला वज्र समजतात. ती मोजणी पेन्सिलीच्या शिशाशी असते. आपल्या धुळीतल्या वाळूचे गारगोटीचे कण काचेहून कठीण, आणि उपरण्यात अख्खं शेत होतं. काच आधी फुंकून, मग मऊ मायक्रोफायबरने जोर न लावता पुसायची असते. हे मी सांगतोय कुणाला.

पाणी चार्जिंगच्या भोकाशी पोचलेलं पाहून आजोबांनी उतरता उतरता पुढची चिठ्ठी लिहून दिली. “रातभर तांदूयमा ठेवी दे. तांदूय नही ते दादरमा ठेव.”

दादर म्हणजे खानदेशातली ज्वारी. पण धान्यात काही ठेवू नका. तांदूळ हवेपेक्षा फार जास्त ओल ओढत नाही, उलट त्याचं पीठ भोकात जाऊन बसतं. टॅब बंद करायचा, भोक खाली करून हलकेच झटकायचा, पंख्यासमोर ठेवायचा आणि निदान एक दिवस चार्जरला हात लावायचा नाही. ओल्या पिनांत वीज गेली की त्या गंजतात. मी हे सगळं केलं. टॅब सुरू झाला, चार्ज मात्र होईना.

सर्व्हिस सेंटरवाल्याने टॅब उघडला, आतला एक बारीक ठिपका दाखवला. तो मुळात पांढरा, पाणी लागलं की लाल. लाल, म्हणून वॉरंटी नाही. उन्हाचं काय, विचारलं. म्हणाला, पुस्तिका वाचा साहेब. पाणी आत शिरू नये म्हणून रबराचं साधं सील या किमतीत बसवणं यांना परवडत नाही. शिरलं हे सिद्ध करणारा ठिपका मात्र बसवतात, आणि तो ४५ अंशांतही चोख चालतो.