केरबाचा केदार करा

रंकाळ्यावर फेऱ्या मारून झाल्या, कट्ट्यावर बसून सगळ्या जगाचा निकाल लावून झाला, आणि तरी संध्याकाळ उरतेच आहे? मग मेलेल्या माणसांच्या मागं लागा. जुन्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी स्कॅन होऊन पडल्यात, आणि त्या बघून टाइप करायला फुकट राबणारी माणसं हवी असतात. फुकट म्हटल्यावर तुमचं तोंड वाकडं होईल. पण उलटून बोलू न शकणाऱ्या माणसाला दुरुस्त करायची अशी संधी घरात मिळत नाही.

सुरुवात विलायतेपासून करावी, म्हणजे चुकलं तरी भावकीत बोभाटा होत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली १ जुलै १८३७ ला. गावोगावचे निबंधक दर तिमाहीला नकला लंडनला धाडायचे, तिथले कारकून त्यावरून सूची करायचे, आणि ‘फ्रीबीएमडी’ नावाच्या उपक्रमात १९९८ पासून स्वयंसेवक ती सूची टाइप करत आलेत. म्हणजे नकलेच्या नकलेची नक्कल. त्यांचा मुख्य नियम काय, तर दिसेल तसं लिहा. एखादं अक्षर लागलं नाही तर तिथं खाली आडवी रेघ टाका, जास्त लागेनात तर चांदणी. ‘मला वाचता आलं नाही’ असं कबूल करायची ही सोय! बिंदू चौकात पत्ता विचारल्यावर कुणी ‘मला ठाऊक नाही’ म्हटलेलं ऐकलंय कधी? आपण रस्ता सांगतो. तो तिकडं जातो की नाही, हा रस्त्याचा प्रश्न.

तेव्हा रेघ नको, चांदणी नको. ‘स्मायथ’ दिसलं की ‘स्मिथ’ करून टाका. तेच पान दुसरं कुणीतरी वेगळं टाइप करतं आणि दोन्ही ताडून बघतात म्हणे. जुळलं नाही तर चूक त्याची.

अशी दोन पानं झाली की भावकीच्या ग्रुपवर तुमची कीर्ती पोचते, आणि मग खरं काम येतं: गाव नमुना चौदा. सात-बारा सोडून दुसरा नमुना आपल्याला माहीत नव्हता, पण २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जन्म-मृत्यूची ही जुनी वही घरोघरी ठाऊक झाली. मोबाइलवर धुरकट फोटो येतो, खाली तात्यांचा निरोप: “तेवढं बघ की रं, तुला येतंय न्हवं.” वही जुन्या मोडी लिपीतली; पण मोडी येत नाही असं चुकूनही सांगू नका.

मोडी तुमच्या स्वभावाला मानवणारी लिपी आहे. डोक्यावरची रेघ आधी सलग ओढायची, खाली अक्षरं लोंबकळत सोडायची. शब्द कुठं तुटतो ते लिहिणाऱ्याला ठाऊक, आणि तो केव्हाच गेला. ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही. पुराभिलेखागारात मोडी कागदांची गाठोडी, म्हणजे रुमाल, सोडण्यात उमर गेलेली माणसंसुद्धा एखाद्या शब्दापाशी भिंग घेऊन अडतात. तुम्ही अडू नका, तात्या वाट बघताहेत.

‘केरबा बिन दगडू’ असं दिसेल. बिन म्हणजे ‘चा मुलगा’, हे जुनी माणसं सांगतील. तुम्ही ‘केरबा, दगडूशिवाय’ असा अर्थ लावा. ‘राधा कोम बाळू’ मध्ये कोम म्हणजे बायको. पण आडनाव धरलंत तर मेरी कोमचं मूळ गाव करवीर तालुक्यात निघतं, आणि पेठेत त्याचा आनंद वेगळाच. (मी स्वतः अर्धा दिवस ही सगळी कोम मंडळी एकाच घरातली समजत होतो. कुणाला सांगू नका.) एखाद्या कागदावर ‘शके १८४०’ असेल. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १९१८ येतो. मिळवू नका. नुसतं १८४० लिहिलं की पणजोबा एका झटक्यात ७८ वर्षांनी जुने होतात, आणि शेजारच्या भावकीचं तोंड बंद.

मरणाच्या कारणाचा रकाना मात्र जपून. तिथं ‘पटकी’ असेल, ती कॉलरा. ‘देवी’ असेल, तो रोग. पण अंबाबाईच्या गावात देवीनं माणूस मेला असं लिहायला तुमचा हात धजणार नाही. तिथं ‘वृद्धापकाळ’ घाला. वय दोन वर्षं का असेना.

१९१८ च्या पावसाळ्यानंतरची पानं तर फार कंटाळवाणी. वरच्या ओळीत ‘ताप’, आणि तिथून खाली पान संपेपर्यंत प्रत्येक ओळीत फक्त ‘वरीलप्रमाणे’च्या दोन टिकल्या. पान उलटलं की पुन्हा ताप, पुन्हा टिकल्या. शेवटी शेवटी टिकल्याही तिरक्या झालेल्या, बोरूतली शाई संपत आल्यासारख्या. वाचणाऱ्याला काही वैविध्य नको? कुठं टायफॉइड घाला, कुठं डेंगी.

आणि नावं. दगडू, धोंडू, केरबा ही काय नावं झाली? नातवंडांना शाळेत सांगायला लाज वाटते. केरबाचा केदार करा, कुणी विचारणार नाही. मयताच्या पानावर केरबाच्या बापाच्या नावापुढं आधीच्या सहा वर्षांत तीन ओळी आहेत: ‘मुलगा, नाव ठेविले नाही’, ‘मुलगी, नाव ठेविले नाही’, ‘मुलगा, नाव ठेविले नाही’. त्यानंतर चौथ्याला केरात ठेवून उचलला आणि नाव दिलं केरबा. त्या तिन्ही ओळी गाळा. नावाचा रकाना रिकामा राहिला की फॉर्म पुढं सरकत नाही, आणि तात्यांचा दुसरा निरोप आलाय: “झालं का? मिसळ खायाला ये.”