दिवा लावला, अंडं नाही : एका रागावलेल्या वाचकाला उत्तर

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया रविवारी सकाळी वाचली आणि हातातला चहा गार झाला. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बटेर, म्हणजे अंड्यांसाठी पाळतात तो छोटा पक्षी, त्याच्या अंड्यांवरचा माझा लेख वाचून तुम्ही पाच बटेर आणले, बाल्कनीत पिंजरा ठेवला, दिवा लावला. दोन महिने झाले, अंड्याचा पत्ता नाही. वाढलं ते फक्त विजेचं बिल. वर तुम्ही लिहिता, "माझी आजी काटोलला कोंबड्या पाळायची. तिनं कधी बल्ब लावला नाही. हा पक्ष्यांवर जुलूम आहे आणि तुम्ही लोकांना तो शिकवून राहिले."

लेखात दिव्याबद्दल मी पानभर लिहिलं आणि बाकी सगळं दोन ओळींत उरकलं, हे खरं. वाचणाऱ्याला वाटणारच की बटण दाबलं की अंडं पडतं. ती चूक माझी. पण दिव्याची गोष्ट थाप नाही. बटेराला उजेड डोळ्यांनी कळतो तसा कवटीतून झिरपून थेट मेंदूलाही कळतो. दिवस मोठा झाला, आता अंड्यांचा हंगाम, हा निरोप तिथून सुटतो. अंडी नेमानं हवी असतील तर १४ ते १६ तास उजेड लागतो. आपल्या नागपूरचा दिवस ऐन जूनमध्येही साडेतेरा तासांच्या आतबाहेरच असतो आणि डिसेंबरात पुरता अकरा तासांचाही नसतो. तुम्ही पक्षी आणले दिवाळीनंतर.

आजीचं म्हणाल तर तिच्या कोंबड्या अंगणभर उकरत फिरायच्या, वाळवी आणि उकिरड्यातल्या अळ्या खायच्या. आणि त्या तरी बारा महिने कुठं देत होत्या? मधेच खुडूक व्हायच्या, म्हणजे उबवायला बसायच्या, पिसं गाळायच्या, अंडी बंद. आजीनं हिशेब मांडला नाही, एवढंच. जपानी बटेर खुडूक होत नाही म्हटलं तरी चालेल. माणसानं पिढ्यान् पिढ्या त्याला अंड्यांसाठीच निवडलं, त्यात तो उबवायला बसणंच विसरला. आपल्याकडे ही जात १९७४ साली अमेरिकेहून उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या संशोधन संस्थेत आली. आजीच्या गावरान कोंबडीशी तिची तुलना करू नका.

आता खरं बोलायचं तर तुमच्या प्रतिक्रियेतल्या एका वाक्यावर मी दिव्यापेक्षा जास्त अडखळलो. "रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसलेल्या माणसाकडून घेतले." भाऊ, ते पक्षी जपानी बटेर आहेत का, हे आधी बघा. शेतात जाळं लावून धरलेले रानबटेरही असेच टोपलीत विकले जातात. त्यांना वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू आहे. धरणं, विकणं, घरात ठेवणं, तिन्ही गुन्हा. आणि पिंजऱ्यात धडका घेणाऱ्या रानपाखराकडून अंड्याची आशा कशाला करायची? किराणा दुकानाच्या काट्यावर एक पक्षी ठेवून बघा. फार्ममधली पूर्ण वाढलेली मादी दीडशे ग्रॅमच्या पुढे जाते. रानातला त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि नर असेल तर बहुधा छातीवर काळा डाग. तसं निघालं तर कुठंही सोडून देऊ नका; सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे रानातल्या प्राणी-पक्ष्यांचं उपचार केंद्र आहे, तिथं न्या.

फार्मचेच निघाले तर पुढचा प्रश्न, पाचांत माद्या किती? हसू नका. पहिल्या वर्षी एका दुकानातून मी "जोडी" म्हणून आणली. तीन महिने त्या जोडीची सरबराई केली. एकाच्या डोक्यावरची पिसं गेली, मला वाटलं प्रेम आहे. पहाटे चार वाजता तीन तुकड्यांत ओरडणं सुरू झालं, शेजारच्या काकू दार वाजवायला आल्या, तेव्हा कुठं कळलं की दोन्ही नर! तपकिरी रंगाच्या पक्ष्यात ओळख सोपी आहे. नराची छाती साधी, विटकरी. मादीची फिकट आणि काळ्या ठिपक्यांची. पांढऱ्या बटेरात पिसांवरून कळत नाही. तिथं पक्षी उलटा धरून शेपटीखाली हलकंच दाबा. वयात आलेल्या नराच्या तिथं गाठ असते आणि दाढीच्या साबणासारखा पांढरा फेस येतो. एकदा पाहिला की विसरत नाही. मादीला अंडी द्यायला नर लागत नाही, पिल्लं हवी असतील तरच. तीन-चार माद्यांमागे एक नर पुरे.

खाणं. तुम्ही गहू आणि बाजरी घालता. त्यात प्रथिनं दहा-बारा टक्के, बटेराला वीसच्या आसपास हवीत. जरा गणित बघा. कोंबडीचं अंडं तिच्या वजनाच्या तीन टक्के, बटेराचं सहा-सात. दहा-बारा ग्रॅमचं अंडं, तेही जवळजवळ रोज, त्या एवढ्याशा जिवातून. नुसत्या धान्यावर ते निघणार कुठून? ब्रॉयलरचं स्टार्टर खाद्य कोंबडीखाद्याच्या दुकानात सुटं मिळतं, ते द्या. सोबत वेगळ्या वाटीत शिंपल्याचा चुरा, ज्याला हवा तो खाईल. आणि पाण्यात चुना कालवणं आजच बंद करा. तो चुना तंबाखूच्या खर्र्यात ठीक (तिथंही ठीक नाही, पण तो विषय नागपुरात काढायचा नसतो). पक्ष्याची अन्ननलिका पोळते त्यानं. शिंपला नसेल तर कोंबडीच्या अंड्यांची टरफलं उकळून, वाळवून, कुस्करून द्या.

आणि तुमचा दिवा! झिरोचा बल्ब, तोही रात्री आठवेल तेव्हा. पिंजऱ्याच्या तळाशी वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे, इतका उजेड लागतो. आणि घड्याळ लावल्यासारखा रोज त्याच वेळी. मी दिवा रात्री नाही, पहाटे लावतो, साडेतीनला, टायमरवर. संध्याकाळ आपसूक होऊ द्यायची. रात्री फटकन अंधार केला की बटेर सरळ वर उडतो आणि छताला डोकं आपटतो. माझ्या पिंजऱ्याला आतून जुन्या चादरीचं छत आहे ते त्यासाठीच.

राहिला जुलूम. यावर वाद घालत नाही, कारण यातली एक गोष्ट मी लेखात लपवली होती. दुसऱ्या वर्षी घाई केली. जेमतेम पाच आठवड्यांच्या पिल्लांवर सोळा तासांचा दिवा सोडला, खाद्यही कसंतरीच. त्यातल्या एका मादीचं पहिलंच अंडं अडकलं. पिसं फुगवून कोपऱ्यात बसली होती, शेपूट खाली-वर करत. कोमट पाण्यात धरली, तेलाचं बोट लावलं. डॉक्टरांकडे न्यायला निघेपर्यंत माझ्या हातातच गेली. तेव्हापासून पक्षी अंगानं भरल्याशिवाय, सहा-सात आठवडे झाल्याशिवाय मी दिवा वाढवत नाही, आणि वाढवतो तो आठवड्याला अर्धा-पाऊण तास. ज्या वर्षी कंटाळा येतो त्या वर्षी हिवाळाभर दिवाच लावत नाही. पक्षी थांबतात, पिसं बदलतात, संक्रांतीनंतर हळूहळू पुन्हा सुरू होतात. तुम्हालाही हाच रस्ता पटत असेल तर आजीच्याच पद्धतीनं पाळा की, फक्त डिसेंबरात अंडं मागू नका.

मे महिन्यात दिव्याचा विचारही नको. पारा ४५ला गेला की पक्षी चोच उघडी टाकून धापा टाकतात, खाणं निम्मं होतं, टरफल कागदासारखं पातळ येतं. तेव्हा पिंजरा कूलरच्या खोलीत, पण थेट झोतात नाही. बाल्कनीचं म्हणाल तर तुमच्या कठड्यावर येणारी ती मांजर, जिचं तुम्ही कौतुकानं लिहिलंय, तिला बघून मीसुद्धा अंडं दिलं नसतं.

एक शेवटचं. तुम्ही अंडी सकाळी शोधता. कोंबडी सकाळी देते, बटेर दुपार कलल्यावर, बहुतेक चार ते सहाच्या दरम्यान. सकाळपर्यंत ते भुशात दबलेलं असतं, नाहीतर कोणी फोडून खाल्लेलं. संध्याकाळी साडेपाचला पिंजऱ्याखालचा ट्रे ओढून भुशात बोटं फिरवा. काल माझ्या हाताला एक लागलं, अजून ओलं. उचलताना अंगठ्याला तपकिरी रंग लागला आणि अंड्यावर पांढरा ओरखडा उमटला. ताज्या अंड्यावरचे ठिपके वाळेपर्यंत असेच पुसले जातात. प्रत्येक मादीची नक्षी तिची-तिची असते. हे मोठ्या डागांचं होतं, म्हणजे ठमीचं. ठमी नऊ दिवस रुसली होती.

तुम्ही वजन करून आणि फेस बघून कळवा. टायमर नवा घेऊ नका, माझ्याकडे एक जास्तीचा पडलाय.