डोळे झाकून डिझेल? आधी मागच्या सीटवर बसून बघा

गेले काही महिने एक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांकडून आला. त्यातल्या एकाची गाडी मुलांना शाळेत सोडण्यापलीकडे कुठे जात नाही, पण मेसेज त्यानेच सगळ्यात आधी पाठवला. मजकूर थोडक्यात असा:

‘कुटुंबासाठी गाडी घेताय? डोळे झाकून मोठी डिझेल घ्या. एक, डिझेल लिटरला पेट्रोलपेक्षा जास्त पळते, म्हणजे स्वस्तच पडते. दोन, डिझेल इंजिन मरत नाही, देखभाल नाममात्र. तीन, गाडी जितकी लांब-उंच तितकी पायांना जागा जास्त. चार, शंका असेल तर ब्रोशरमधला अ‍ॅव्हरेज आणि लेगरूम बघा, आकडे खोटं बोलत नाहीत.’ खाली जोडलेले हात आणि ‘पुढे पाठवा’.

मी डिझेलच्या विरोधात नाही, माझी स्वतःची गाडी डिझेलच आहे. पण या मेसेजातलं प्रत्येक वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं गाडी दारात आल्यावर कळतं, आणि तेव्हा गाडी परत करता येत नाही.

‘लिटरला जास्त पळते, म्हणजे स्वस्तच पडते’

जास्त पळते हे खरंच. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापून त्यात फवारलेलं इंधन आपोआप पेटतं. हवा साधारण १६ पटीच्या आसपास दाबली जाते, पेट्रोल इंजिनात बहुधा १० ते १२ पट. शिवाय पेट्रोल इंजिनाला कमी जोर लागत असताना हवेचा रस्ता अडवून ठेवावा लागतो आणि त्या अडवलेल्या नळीतून श्वास ओढण्यात ताकद वाया जाते. डिझेलला सहसा ती कसरत करावी लागत नाही, इंधन कमी-जास्त केलं की काम भागतं. म्हणून एका लयीत, हलक्या पायाने चालवलेली डिझेल गाडी इतकं कमी पिते.

पण यातला एक भाग निव्वळ मापाचा आहे. डिझेल पेट्रोलपेक्षा जड असतं. एका लिटरचं वजन साधारण ८३० ते ८४० ग्रॅम, पेट्रोलचं ७४०-७५०. त्यामुळे डिझेलच्या एका लिटरात मुळातच दहाएक टक्के जास्त ऊर्जा भरलेली असते. तेवढी आघाडी इंजिनाच्या हुशारीच्या खात्यात जमा करू नये, ती टाकीतून आलेली असते. त्याचमुळे एक लिटर डिझेल जळलं की कार्बन डायऑक्साइडही जास्त निघतो, सुमारे २.६ किलो, पेट्रोलचा सुमारे २.३.

आता ‘म्हणजे स्वस्तच पडते’ याचा हिशेब. तो पैशात न करता लिटरमध्ये करा, कुठल्याही भावाला लागू पडतो. समजा पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते आणि तीच गाडी डिझेलमध्ये २०. वर्षाला १२,००० किलोमीटर फिरणाऱ्याला पेट्रोलचे ८०० लिटर लागतील, डिझेलचे ६००. वाचले २००. ३०,००० फिरणाऱ्याचे वाचतील ५००. डिझेल मॉडेल घेताना जे जास्तीचे पैसे मोजता, त्यात किती लिटर इंधन आलं असतं ते काढा. समजा १,६०० लिटर. पहिल्या माणसाला ते वसूल व्हायला आठ वर्षं लागतील, दुसऱ्याला तीन वर्षं आणि वर दोन-अडीच महिने. दोन्ही इंधनांच्या भावात फरक असेल तर गणित इकडे-तिकडे सरकेल, आणि डिझेलचा विमा, कर किंवा सर्व्हिसिंग महाग असेल तर अजून लांबेल. मेसेज लिहिणाऱ्याने ‘तुम्ही वर्षाला फिरता किती’ हा एकच प्रश्न विचारला असता तर बाकीचा मेसेज लिहावाच लागला नसता.

लिटरला किती, या आकड्यात आणखी एक फसगत आहे. वर्षाला तेच १२,००० किलोमीटर धरा. १० चा अ‍ॅव्हरेज १५ झाला तर ४०० लिटर वाचतात. १५ चा २० झाला तर २००. २० चा २५ झाला तर फक्त १२०. प्रत्येक वेळी वाढ पाचचीच, पण बचत घसरत जाते. म्हणून आधीच कमी पिणाऱ्या दोन गाड्यांमध्ये अ‍ॅव्हरेजवरून भांडणं व्यर्थ आहे. तिथे निर्णय सीटवर बसून घ्यावा.

‘डिझेल इंजिन मरत नाही’

जुनी डिझेल इंजिनं खरोखर चिवट होती. जाड ब्लॉक, कमी फेरे, साधा यांत्रिक पंप. ती आठवण लोकांच्या मनात अजून ताजी आहे, फक्त ती इंजिनं आता शोरूममध्ये नाहीत. १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ या गाडीत कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरना प्रचंड दाबाने इंधन पुरवणारी एकच सामाईक नळी) आलं आणि डिझेलचा कारभारच बदलला. आजच्या इंजेक्टरमध्ये, म्हणजे इंधन फवारणाऱ्या तोटीत, दाब २,००० बारच्या घरात जातो, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या जवळपास दोन हजार पट. इतक्या बारीक छिद्रांतून इतक्या दाबाने फवारणी म्हटल्यावर इंधनातलं पाणी आणि कचरा त्याला अजिबात चालत नाही. आणि चुकून टाकीत पेट्रोल पडलं तर पंपाचं वंगणच जातं, कारण तिथे वंगणाचं काम डिझेलच करत असतं. अशा वेळी इंजिन चालू न करता टाकी रिकामी करून घ्यायची.

पण कुटुंबाच्या गाडीला सगळ्यात जास्त छळतो तो काजळीचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ. प्यूजो ६०७ मध्ये तो २००० साली आला आणि आता बहुतेक नव्या डिझेल गाड्यांत असतो. धुरातली काजळी तो अडवतो आणि भरत आला की जाळून टाकतो. जाळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि ते मिळवायला गाडी दहा-वीस मिनिटं बऱ्यापैकी वेगात, न थांबता चालावी लागते.

माझ्या एका मित्राने असाच मेसेज प्रमाण मानून वापरलेली डिझेल घेतली. घर ते ऑफिस सहा किलोमीटर, त्यात निम्मा रस्ता सिग्नलांचा. काही दिवसांतच एक नवीन प्रकार सुरू झाला: गाडी बंद करून कुलूप लावलं तरी बोनेटखाली पंखा घोंघावत राहायचा आणि जळका, उग्र वास यायचा. त्याला वाटलं, क्लच गेला. प्रत्यक्षात फिल्टर काजळी जाळायला घ्यायचा आणि हा मध्येच किल्ली फिरवायचा. दोन महिन्यांनी त्याने ऑइलची पट्टी काढून पाहिली तर लेव्हल वरच्या खुणेच्याही वर. खूश होऊन मला फोन केला, ‘अरे, ही ऑइल खातच नाही, उलट वाढतंय!’ फिल्टर तापवण्यासाठी इंजिन जास्तीचं डिझेल फवारतं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ते वाढलेलं ऑइल म्हणजे पातळ झालेलं ऑइल. मग दिवा लागला, पिकअप गेला आणि गॅरेजवाल्याने जो आकडा सांगितला त्यात त्याची दोन वर्षांची इंधनाची बचत साफ झाली.

यात गाडीचा दोष नव्हता. तीच गाडी त्याच्या मोठ्या भावाने घेतली असती तर दहा वर्षं कुरकुर केली नसती, कारण तो रोज हायवेवरून चाळीस किलोमीटर जातो आणि तेवढेच येतो. डिझेल इंजिन कमी उष्णता वाया घालवतं, म्हणून ते गरमही सावकाश होतं. पाच-सहा किलोमीटरच्या फेरीत ते धड तापेपर्यंत आपण पोचलेले असतो. जे इंजिन कधी तापतच नाही त्याची काटकसर फक्त कागदावर राहते.

अ‍ॅडब्लूचंही एका वाक्यात सांगून टाकतो: बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांत युरियाचं हे पाणी वेगळ्या टाकीत भरावं लागतं, आणि ते पूर्ण संपू दिलं तर एकदा बंद केलेली गाडी पुन्हा चालू होत नाही.

‘जितकी लांब-उंच तितकी पायांना जागा’

१९५९ ची मूळ मिनी जेमतेम तीन मीटर पाच सेंटिमीटर लांब होती आणि तिच्यात चार मोठी माणसं बसायची. इंजिन आडवं टाकलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली घातला, चाकं चार कोपऱ्यांत ढकलली, आणि गाडीच्या तळाचा सुमारे ८० टक्के भाग माणसांना आणि सामानाला मिळाला. आजच्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांत इंजिन आडवंच बसवतात. लांब बोनेटची गाडी दिसते रुबाबदार, पण त्या लांबीत कोणाचे पाय नसतात.

लांबीऐवजी व्हीलबेस बघा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर. स्कोडा ऑक्टाव्हियाची तिसरी पिढी दुसरीपेक्षा ९० मिलिमीटरने लांब झाली, पण व्हीलबेस १०८ मिलिमीटरने वाढला. बाहेरून जेवढी वाढली त्याहून चाकांमधली जागा जास्त वाढली, आणि मागच्या सीटला ती कळली. २००१ च्या स्कोडा सुपर्बचंही गुपित हेच. फोक्सवॅगन पसाट या गाडीचा सांगाडा घेऊन त्याचा व्हीलबेस १०० मिलिमीटरने ताणला, आणि मागे बसणाऱ्याला पाय पसरता येऊ लागले.

उंच गाड्यांचं प्रकरण वेगळं. ज्या गाडीच्या पोटाखाली वेगळी चासी, म्हणजे अख्खी गाडी पेलणारी वेगळी चौकट, असते तिची फरशी वर येते. छत उंच असलं तरी फरशी आणि सीटमधलं अंतर कमी राहतं आणि मागचा माणूस गुडघे छातीकडे घेऊन बसतो. एका तासाने मांड्या भरून येतात, कारण मांडीखाली सीटचा आधारच नसतो. शिवाय उंच गाडीला हवा जास्त कापावी लागते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून ११० वर गेलात तर तो जवळपास १.९ पट होतो. म्हणजे जागेसाठी उंच गाडी घेतली, जागा मिळाली नाही आणि अ‍ॅव्हरेजही गेला, असं होऊ शकतं.

मागे मधोमध बसणाऱ्याचीही कोणीतरी चौकशी करा. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या किंवा चारही चाकं फिरवणाऱ्या गाडीत मधला शाफ्ट जातो आणि फरशीवर जाडजूड उंचवटा येतो. तिघं मागे बसणार असतील तर मधल्याचे पाय शेजाऱ्यांच्या हद्दीत जाणार.

‘आकडे खोटं बोलत नाहीत’

खोटं बोलत नाहीत, पण विचारल्याशिवाय सगळं सांगतही नाहीत. लेगरूम म्हणजे गुडघ्यापासून पुढच्या सीटपर्यंतची मोकळी जागा, असा आपला समज. प्रचलित मोजमापात घोट्याच्या सांध्यापासून कमरेच्या सांध्यापर्यंतचं तिरकं अंतर घेऊन त्यात २५४ मिलिमीटर मिळवतात. पुढची सीट किती मागे ठेवली यावर मागचा आकडा बदलतो. पुढचा आणि मागचा, दोन्ही आकडे एकाच वेळी आपल्याला मिळतील असं धरून चालू नये. सीटची बैठक आखूड केली तरी गुडघ्यापुढे जागा जास्त दिसते, मांडीचा आधार मात्र तेवढाच कमी होतो.

अ‍ॅव्हरेजचंही तसंच. युरोपातली जुनी चाचणी ११ किलोमीटरची होती, सरासरी वेग ताशी ३४ च्या आसपास. २०१७ पासून आलेली नवी २३ किलोमीटरची आहे, सरासरी ४६ च्या वर. जुन्या चाचणीचा आकडा नव्याच्या शेजारी ठेवून तुलना केली तर जुनी गाडी उगाच काटकसरी वाटते. खरा आकडा हवा तर टाकी नळी आपोआप बंद होईपर्यंत भरा, मीटर लिहून ठेवा, पुढच्या वेळी तसंच भरा आणि भागाकार करा. तीन टाक्यांची सरासरी काढली की डॅशबोर्ड काय म्हणतो याकडे बघायची गरज उरत नाही.

आणि लेगरूम मोजायला टेप नको, माणसं हवीत. ड्रायव्हरची सीट तुमच्या पायांना लागेल तिथे आणा, मग उतरून तिच्याच मागे बसा. गुडघा आणि सीटच्या पाठीमध्ये मूठ सहज जायला हवी. पावलं पुढच्या सीटखाली सरकतात का बघा, बऱ्याचदा तिथे वायरी नाहीतर रूळ आडवे येतात. तान्ह्या बाळाची मागे तोंड असलेली सीट लावणार असाल तर ती सोबत न्या. ती बसवल्यावर पुढची सीट इतकी पुढे घ्यावी लागते की पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकू शकतात.

आम्ही आईला घेऊन गेलो होतो. तिचे गुडघे दुखतात. ब्रोशरात ज्या गाडीचा मागचा लेगरूम सगळ्यात जास्त होता तिच्यात ती बसली, आरामात बसलीसुद्धा. उतरताना मात्र पाऊल दार आणि सीटच्या फटीत अडकलं. दाराचं तोंड खाली निमुळतं होतं आणि उंबरा जाड. विक्रेता म्हणाला, ‘सवय होईल, काकू.’ आईने त्याला विचारलं, ‘कोणाला? गुडघ्याला?’

शेवटी घेतली ती डिझेलच, कारण माझं वर्षाचं फिरणं पंचवीस हजाराच्या वर आहे आणि बहुतेक सगळं मोकळ्या रस्त्यावरचं. पाहिलेल्या चार गाड्यांत ती सगळ्यात आखूड आहे. आई मागे डाव्या बाजूला बसते आणि उतरताना दाराला हात लावत नाही.