‘पेटंट नसतं तर औषधच निघालं नसतं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. माझ्याकडेच तो तीन ग्रुपांमधून आला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पेटंट नसतं तर एकही नवं औषध निघालं नसतं. भारताने 1970 साली कायदा करून औषधांच्या चोरीला मान्यता दिली, म्हणून आपल्याकडे संशोधन रुजलं नाही. आणि औषधं महाग असतात ती संशोधनाचा खर्च भरून निघावा म्हणून. पाठवणारे सगळे शिकलेसवरलेले आहेत, म्हणून नुसतं ‘चूक आहे’ म्हणून सोडून द्यावंसं वाटलं नाही.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धं. एडविन मॅन्सफील्ड या अर्थतज्ज्ञाने अमेरिकी कंपन्यांना हाच प्रश्न विचारला होता. 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात औषधांचे सुमारे 65 टक्के शोध पेटंटशिवाय बाजारात आले नसते असं उत्तर मिळालं. मोटारी, कापड, रबर या धंद्यांत हेच प्रमाण जवळजवळ शून्य निघालं. म्हणजे औषधांच्या क्षेत्रात पेटंटला वजन आहे, हे मी मान्य करतो. पण ते वजन कोणी, कधी स्वीकारलं तेही बघा. औषधाच्या रेणूवर, म्हणजे मूळ रासायनिक पदार्थावरच, पेटंट द्यायला जपानने 1976 मध्ये सुरुवात केली, स्वित्झर्लंडने 1977 मध्ये, इटलीने 1978 मध्ये. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या औषध कंपन्या तोवर जगभर नावाजल्या होत्या.

आता ‘चोरी’. या शब्दाचा मला खरंच राग येतो. पेटंट म्हणजे वाडवडिलांच्या जमिनीचा सातबारा नव्हे. तो समाजाने शोधकाशी केलेला करार असतो: तू तुझी कृती उघड कर, आम्ही काही वर्षं तुला मक्तेदारी देतो. किती वर्षं आणि कशावर, हे तेव्हा प्रत्येक देश स्वतः ठरवत असे. आपण ठरवलं की औषधाच्या रेणूवर पेटंट नाही, तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळेल, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षं. हा कायदा एप्रिल 1972 पासून लागू झाला.

याचा प्रयोगशाळेतला अर्थ काय? रेणू तोच, पण दुसऱ्याच्या पेटंटमधल्या वाटेने जायचं नाही. मग वेगळ्या कच्च्या मालापासून सुरुवात करायची, पायऱ्या बदलायच्या, हातात येणारा माल वाढवायचा, नको ती अशुद्धी काढून टाकायची आणि हे सगळं परवडणाऱ्या खर्चात बसवायचं. पुण्याच्या एनसीएल आणि हैदराबादच्या आयआयसीटी या रसायनशास्त्राच्या सरकारी प्रयोगशाळांमध्ये माणसांनी यात उमेदीची वर्षं घातली. नक्कल इतकी सोपी असती तर कोणीही केली असती.

2001 मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सवरची तीन औषधं वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली. पाश्चात्त्य देशांत तेव्हा त्याच उपचाराला दहा हजार डॉलरच्या वर मोजावे लागत. किमतीइतकीच दुसरी गोष्ट मोलाची होती. तिन्ही औषधं एकाच गोळीत आली, आणि मूठभर गोळ्यांच्या जागी रुग्णाला सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी पुरू लागली. तिकडे या तीन औषधांचे हक्क तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे होते, त्यामुळे अशी गोळी बनवणं कोणा एकाच्या हातात नव्हतं. इथे पेटंटने नवं काही घडवलं नाही, उलट अडवलं. घडलं ते पेटंटचा अडसर नव्हता तिथे.

‘संशोधन रुजलं नाही’ याला फार शब्द नकोत. ‘सहेली’ ही गर्भनिरोधक गोळी लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेने शोधलेल्या अगदी नव्या रेणूची, आणि ती 1991 मध्ये बाजारात आली ती जुन्याच कायद्याखाली. शिवाय 1 जानेवारी 2005 पासून आपण रेणूवरही पेटंट देतोय. अडथळा फक्त कायद्याचा होता तर एव्हाना नव्या औषधांची रांग लागायला हवी होती.

किमतीचं उत्तर पेटंट नियंत्रकांच्या 9 मार्च 2012 च्या आदेशात आहे. औषध होतं बायर या जर्मन कंपनीचं सोराफेनिब, मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कॅन्सरवरचं. महिन्याच्या 120 गोळ्यांची किंमत 2,80,428 रुपये, म्हणजे एक गोळी 2,337 रुपयांना, आणि अशा रोज चार. हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय ते औषध बनवायची परवानगी, मिळाला आणि 120 गोळ्यांना 8,880 रुपयांची मर्यादा घालून दिली गेली. गोळी 74 रुपयांवर आली. कोणी म्हणेल, नॅटकोने संशोधनाचा खर्च कुठे केला? बरोबर, म्हणूनच विक्रीवर 6 टक्के रॉयल्टी बायरला द्यायची होती, पुढे ती 7 टक्के झाली. पण त्याच आदेशात नोंद आहे की मूळ औषध गरज असलेल्यांपैकी जेमतेम दोन टक्के रुग्णांपर्यंत पोचत होतं. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांनी ते घेतलंच नाही, तर त्यांच्याकडून संशोधनाचा खर्च कसला वसूल होणार? पुढे मुंबई उच्च न्यायालयानेही हा परवाना कायम ठेवला.

आणि मेसेजमध्ये जे अजिबात आलेलं नाही ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एकाच औषधावर एकामागून एक पेटंट घेतली जातात: आधी रेणूवर, मग त्याच्या क्षारावर (म्हणजे त्याच रेणूच्या ‘सॉल्ट’ रूपावर), मग गोळीच्या रूपावर. आपल्या कायद्याचं कलम 3(ड) सांगतं, गुण वाढला असेल तरच नव्या रूपावर पेटंट. क्षयरोगावरच्या बेडाक्विलिनच्या क्षारावरचं पेटंट मिळालं असतं तर जॉन्सन अँड जॉन्सनची मक्तेदारी 2027 पर्यंत चालली असती. मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले या दोघींनी 2019 मध्ये त्याला हरकत घेतली. दोघी क्षयातून वाचलेल्या, आणि दोघींची श्रवणशक्ती क्षयावरच्या जुन्या इंजेक्शनांनी हिरावलेली. मार्च 2023 मध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. जुलैत मूळ पेटंटची मुदत संपली, आणि भारतीय कंपन्यांना ती गोळी बनवायची वाट चार वर्षं आधी मोकळी झाली.