ब्लीचने चांदीची पारख होत नाही

परवा आत्याचा फोन आला, अगदी रडवेल्या आवाजात. धनत्रयोदशीला पूजेत मांडायचे आजीचे चार राणीछाप रुपये खरे आहेत का, हे तिने ब्लीचचा थेंब टाकून पाहिलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मेसेजचा हा सल्ला: लोहचुंबक लावा, बर्फ ठेवा, वाजवून बघा आणि शेवटी ब्लीच टाका, काळं पडलं की चांदी अस्सल.

आधी ब्लीचचंच बोलतो. त्याने चांदी काळी पडते, खरं आहे. पण चांदीचा मुलामा दिलेलं तांब्याचं नाणंही तसंच काळं पडतं, कारण थेंब पोचतो तो वरच्या थरापर्यंतच. म्हणजे जी नक्कल पकडायची तीच सुटते आणि नासतं ते खरं नाणं! १८६२च्या रुपयावर राणीच्या गालावर आता काळा डाग आहे. आत्या म्हणते, पॉलिश करून आणते. अजिबात नको, डागाबरोबर मुकुटाची नक्षीही जाईल.

लोहचुंबक? चिकटलं तर चांदी नाही, एवढंच कळतं. तांबं, पितळ, शिसं, जर्मन सिल्व्हर (नावातच चांदी, आत नाही), कुणीच चिकटत नाही. उलट १९४७चा रुपया चिकटतो आणि तो खोटा नाही. तो सरकारनेच निकेलचा पाडला. बर्फ तांब्यावरही जवळपास तितक्याच झपाट्याने वितळतो.

आवाजाचं थोडं मान्य करतो. सराफाचा मुरलेला कान खणखणीतपणा ओळखतो. आपला नाही.

घरी करायचंच असेल तर घनता मोजा. शुद्ध चांदीची १०.४९ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, तांब्याची ८.९६. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. नाण्याच्या वजनाला काट्यावरच्या आकड्याने भागा, येते ती घनता. नवं नाणं घेताना मात्र बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, मागा. चांदीवर तो सक्तीचा नाही, म्हणून मागावाच लागतो.

आत्याचे रुपये मी असेच मोजले. त्या काळच्या रुपयात चांदी ९१.७ टक्के, वजन ११.६६ ग्रॅम. हे झिजून साडेअकरावर आलेत. पाण्यात आकडा आला १.११, म्हणजे घनता सुमारे १०.४; तांब्याचे असते तर १.२८ आला असता. चारही अस्सल आहेत, डाग पडलेला धरून.