फोटोवरून नाव सांगू नका

रानअळंबी महोत्सवात लोक मोबाइल पुढे करतात आणि स्वयंसेवक फोटो बघून अळंबीचं नाव सांगतात, असं महोत्सवावरच्या लेखात आलंय. हे बंद करा. अळंबी अख्खी हवी. वारुळावरच्या अळंबीचा देठ मुळासारखा निमुळता होत थेट वाळवीच्या घरट्यापर्यंत जातो. हिसका मारला की तुटतो आणि ओळखीची मोठी खूण मातीतच राहते. बाजूची माती सुरीने मोकळी करून काढायची, कागदी पिशवीत आणायची. प्लास्टिकमध्ये घाम सुटून दुपारपर्यंत लगदा होतो.

बीजाणूंचा ठसा, म्हणजे टोपीतून गळणाऱ्या बारीक भुकटीची कागदावर उमटणारी खूण, आदल्या रात्रीच लावून ठेवा. देठ कापून टोपी, खालच्या पापुद्र्यांची बाजू खाली, अर्ध्या पांढऱ्या-अर्ध्या काळ्या कागदावर. वर वाटी पालथी, ६ ते १२ तास. वारुळाच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी येतो. हिरवट आला तर ती हिरवळीवर उगवणारी, उलट्या करवणारी छत्री. कोवळेपणी तिचेही पापुद्रे पांढरेच, घोटाळा होतो तो इथेच. टोपी पुरती उमललेली नसेल किंवा सुकली असेल तर ठसा उमटत नाही.

विषारी अळंबीने चांदीचं नाणं काळं पडतं, किडे खातात ती चालते, हे सगळं थोतांड. जीवघेण्या जातींचं विष शिजवूनही जात नाही, आणि त्रास सहसा ६ तासांनंतर सुरू होतो. मधे त्रास थांबून बरं वाटतं, तेव्हाही यकृत बिघडतच असतं. म्हणून घरी नेणाऱ्याला सांगा: एक कच्ची अळंबी बाजूला काढून ठेव, दवाखान्यात दाखवायला.