मनगट दाखव की!

रुजू व्हायची तारीख कचेरीनंच कळवली होती. लेखी. तरी रात्रभर एसटीत अंग आंबवून, स्टँडवर तोंड धुऊन, इस्त्रीचा शर्ट चढवून आम्ही कचेरीत पोचलो, तर शिपाई खुर्चीतून न उठताच म्हणाला, "साहेब टूरवर. उद्या या." खोलीही उद्यापासूनच मिळणार होती. म्हणजे कोल्हापुरातला पहिला अख्खा दिवस मोकळा, खांद्यावर दोन बॅगा आणि बरोबर वडील. वडिलांना आणायचं खरं तर काही कारण नव्हतं, पण "लेकराला नवं गाव" असं म्हणत अप्पा लातूरच्या स्टँडवर माझ्याआधी एसटीत जाऊन बसले होते. वर आईनं दिलेला, सुतळीनं बांधलेला चटण्यांचा पत्र्याचा डबा. तो दिवसभर मीच धरायचा, कारण "मी आडवा करीन," असं अप्पांनी आधीच जाहीर केलं होतं.

अंबाबाईचं मुखदर्शन झालं. महाद्वार रोडला अप्पांनी ओळीनं चार दुकानांत एकाच चपलेचा भाव विचारला आणि एकही जोड घेतला नाही. मग रंकाळा. लातूरच्या माणसाला एवढं पाणी एकदम दाखवू नये. आमच्याकडं 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. पहिल्या गाडीला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. तेव्हापासून अप्पा दुसऱ्याच्या घरातला ठिबकणारा नळसुद्धा उठून बंद करतात. ते कठडा धरून बराच वेळ गप्प उभे राहिले. मग शेजारी भेळ खाणाऱ्या एका पोराला विचारलं, "हे पाणी कुणी वापरत नाही का?"

"वापरत्यात की. फिरायला येत्यात."

इथवर दिवस बरा चालला होता.

दुपारी पाय दुखायला लागले म्हणून खासबाग या कुस्तीच्या मैदानाच्या दाराशी सावलीला बसलो. तिथं आधीपासून एक आबा बसले होते. पांढरा शर्ट, लेंगा, टोपी आणि दोन्ही कान चुरगळून परत लावल्यासारखे. कोल्हापुरात असा पैलवानी कान दिसला की माणसानं आदबीनं बोलायचं असतं, हे मला नंतर कळलं.

"कुठलं म्हणायचं पावणं?"

"लातूर," अप्पा म्हणाले.

"म्हंजे पान्याचं. आमीच पाठिवलं न्हवं का रेल्वेनं तुमास्नी?"

आणि अप्पांनी चक्क हात जोडले. "उपकार आहेत तुमचे."

मला राहवलं नाही. ते पाणी मिरजेचं, कृष्णेचं. कोल्हापूरची पंचगंगा कृष्णेला मिळते नरसोबाच्या वाडीला, म्हणजे मिरजेच्या खाली. खालचं पाणी उलटं वर चढून रेल्वेत बसत नाही. त्या गाडीत पंचगंगेचा एक थेंब नव्हता. हे सगळं मी शांतपणे, मोबाइलवर नकाशा उघडून समजावून सांगितलं. आबांनी नकाशा बघितलाच नाही. मोबाइल धरलेलं मनगट बघितलं.

"ह्ये काय?"

"पोरगा आमचा," अप्पा म्हणाले.

"त्ये कळलं. ह्ये मनगाट काय म्हंतो मी?"

त्यांनी माझं मनगट अंगठा आणि तर्जनीच्या कड्यात धरलं. बोटांची टोकं जुळली, मग एकमेकांवर चढली, तरी आत जागा उरली. ती उरलेली जागा त्यांनी आधी स्वतः डोळे बारीक करून पाहिली, मग शेजारच्या शहाळेवाल्याला दाखवली. रस्त्यापलीकडचा एक रिक्षावाला रिक्षा सोडून आला आणि त्यानं स्वतःच्या बोटांनी खात्री करून घेतली. बैलबाजारात निदान आधी धन्याला विचारून दात बघतात. इथं धनीच म्हणत होता, "बघा, बघा."

"शिकलंय काय?"

"एम.कॉम.," मी म्हणालो.

"तरीच."

"दोनच पोळ्या खातो बघा," अप्पांनी घरची अब्रू फुटपाथवर मांडली. "किती सांगलालो, ऐकतच नाही. दूध म्हणलं की तोंड वाकडं."

दूध हा शब्द ऐकून आबा ताठ बसले. मग खुराक आला, बदामाची थंडाई आली, मोतीबाग तालीम आली, गंगावेस तालीम आली, 1959 साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे आले. शाहू महाराजांनी रोममधलं कलोसियम बघितलं आणि 1912 मध्ये हे मैदान उभं केलं, हेही आलं. "मधी आखाडा, भवतीनं चढती बैठक. कुठंबी बसा, पैलवान दिसनारच." मग माझ्याकडं बघून, खरोखर वाईट वाटून, "ह्यो मातूर कुठनंबी दिसायचा न्हाई."

रिक्षावाला एवढा हसला की त्याला खाली बसावं लागलं.

पण मला खरा राग आला तो पुढच्या वाक्याचा. अप्पा म्हणाले, "मी बी धरायचो की कुस्त्या. जत्रेत. नारळावर." मी डबा मांडीवर घेऊन बघत राहिलो. हे मला कुणी कधी सांगितलेलं नाही. घरी अप्पांचं माझ्याशी बोलणं म्हणजे 'गॅसचा नंबर लावलास का' आणि 'लाइटबिल भरलास का'. इथं मात्र धोबीपछाड, ढाक, कलाजंग. कुठल्या जत्रेत कुणाला चितपट केलं. आजोबांनी ते जिंकलेले नारळ परस्पर वाण्याला कसे विकले. सगळं एका परक्या माणसाला, हातवारे करून. मी काही विचारायला गेलो तर म्हणाले, "तू डबा नीट धर."

आणि हे वाळण्याचं प्रकरण तरी काय आहे? आपल्याकडं कुठल्याही लग्नात, बारशात, अगदी दहाव्याच्या पंगतीतसुद्धा कुणीही येऊन "किती वाळलास रे" म्हणू शकतं. ते प्रेम. मी उलट "काकू, तुम्ही चांगल्याच सुटलात की" असं म्हणालो तर मात्र मंगलाष्टकं थांबतील. बारीक माणसाचं शरीर सार्वजनिक मालमत्ता असतं. त्याच्या दंडाला हात लावायला परवानगी लागत नाही. पोरींचे तर याहून हाल, त्यांना बारीकही ऐकावं लागतं, जाडही आणि त्यावर "लग्नाचं बघताय ना?" हेही.

असो. संध्याकाळी आबांनी आम्हाला गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेलं. "जवळच हाय" असं सांगून. बिनखांबी गणपती, महाद्वार रोड, पापाची तिकटी करत ते दोघं पुढं, गळ्यात गळे घालायचे बाकी, आणि मागं दोन बॅगा नि डबा घेऊन मी. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं की आबा थांबायचे, मागं हात करायचे आणि म्हणायचे, "दाखव की रं." मी दाखवायचो. बाप बरोबर असताना नाही म्हणता येत नाही.

कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि तुमच्यादेखत धार थेट पेल्यात काढतात. पेला हातात आला तेव्हा वर चार बोटं फेस, आणि पेला गरम. चुलीवरचा गरम नव्हे, अंगाचा गरम. मी दूध चहात घालून पितो, तेही चहा दिसेल इतपत. पेल्यातून एक ओला, हिरवट, गोठ्याचा वास येत होता आणि जिचं ते दूध होतं ती म्हैस दोन हातांच्या अंतरावर उभी राहून माझ्याकडं बघत होती.

"एका दमात!" आबा म्हणाले.

कट्ट्यावरचे सगळे थांबले. मी प्यालो. अर्ध्यात ठसका लागला, फेस नाकात गेला. समोर आईच्या कडेवर बसलेलं एक पोर एका घोटात पेला संपवून, ओठांवरच्या पांढऱ्या मिशीसकट माझ्याकडं दयेनं बघत होतं. अप्पांनी दोन पेले घेतले, आबांनीही दोन. "लेकरू उद्यापासनं पगारदार" असं म्हणून पैसे द्यायला मला पुढं केलं. आबांनी दुधाचं कौतुक केलं, म्हशीचं केलं, अप्पांच्या छातीचं केलं. पैशांविषयी कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब साडेबाराला उगवले. हजेरीबुक बघून म्हणाले, "रुजू व्हायची तारीख कालची होती ना? काल का नाही आलात?" शिपाई खिडकीबाहेर बघत होता.

अप्पा त्याच रात्री लातूरला परतले. जाताना आबांना खोलीचा पत्ता आणि कचेरीची वेळ तोंडपाठ करून देऊन गेले, फोन नंबरांची देवघेव तर कट्ट्यावरच झाली होती. आता रोज रात्री अप्पांचा फोन येतो. गॅसचं नाही, लाइटबिलाचं नाही.

"काल सकाळी दाभोळकर कॉर्नरला चहा प्यालास म्हणं?"

"अप्पा, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"उभ्या उभ्या प्यालास. आणि संगं बिस्किट बी नाही."